घूंघूं, झर्र आणि माईकचा झटका : साउंड सिस्टिमबद्दल वाचकांचे प्रश्न

गणपती जवळ आले की या सदराकडे मंडळांची पत्रं यायला लागतात. बहुतेक पत्रांत तक्रार एकच असते, नको असलेल्या आवाजाची. म्हणून पहिल्या उत्तराला जरा जास्त जागा दिली आहे. पुढच्या काही उत्तरांना त्याचाच आधार आहे.

मंडपातल्या मिक्सरला लॅपटॉप जोडलाय. चार्जर लावला की स्पीकरमधून सतत ‘घूं’ येतं, काढला की थांबतं. वायरमनने मिक्सरच्या थ्री-पिनमधली अर्थिंगची पिन काढून टाकली आणि आवाज खरंच गेला. पण आता निवेदकाच्या ओठाला माईक लागला की झिणझिण्या येतात. दोन्हींचा काही संबंध आहे का?
— मंडळाचे कार्यकर्ते, गिरगाव

सरळ संबंध आहे. आधी ती पिन परत बसवा, बाकीचं त्यानंतर.

घूं का येत होतं ते बघा. लॅपटॉपच्या थ्री-पिन चार्जरमधून एक अर्थिंग येतं, मिक्सरच्या प्लगमधून दुसरं. लॅपटॉपपासून मिक्सरपर्यंतच्या ऑडिओ केबलची जाळी, म्हणजे शील्ड, ही दोन अर्थिंगं एकमेकांना जोडते आणि एक बंद वेटोळं तयार होतं. दोन सॉकेटच्या अर्थिंगमध्ये थोडा जरी व्होल्टेजचा फरक असला तरी त्या वेटोळ्यातून ५० हर्ट्झचा करंट फिरतो. तो शील्डमधून जातो आणि सिग्नलचा परतीचा रस्ताही तीच शील्ड असते, त्यामुळे मिक्सरला तो आवाजच वाटतो. याला ग्राउंड लूप म्हणतात.

पिन काढल्यावर वेटोळं तुटलं, आवाज गेला. पण मिक्सरच्या पॉवर सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रलकडून बॉडीला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. त्यांची गळती अर्थिंगमधून निघून जाते. अर्थिंगच काढलं तर गळतीला जायला एकच वाट उरते, ऑडिओ केबलच्या शील्डची. तीही सुटली किंवा पलीकडे नीट अर्थिंग नसलं, की मिक्सरची बॉडी साधारण अर्ध्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ च्या आसपास तरंगायला लागते. माईकची जाळी केबलमधून त्याच बॉडीला जोडलेली आहे. या गळतीत करंट अगदी कमी असतो म्हणून झिणझिण्यांवर भागलं. उद्या आतली फेजची वायर सुटून बॉडीला टेकली तर अर्थिंग नसल्यामुळे ना फ्यूज उडेल ना एमसीबी पडेल, आणि पूर्ण २३० व्होल्ट निवेदकाच्या हातात येतील. पावसात ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाला तेवढं पुरतं.

वेटोळं तोडायचंच आहे, पण ते सिग्नलच्या केबलमध्ये तोडायचं. विजेच्या प्लगमध्ये कधीच नाही. या क्रमाने जा:

१. लॅपटॉप आणि मिक्सर एकाच सॉकेटवरून, एकाच चांगल्या थ्री-पिन बोर्डावर घ्या. लोड झेपत असेल तर अ‍ॅम्प्लिफायरही त्याच पॉइंटवरून घ्या, मात्र मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरला १६ अँपिअरचं सॉकेट लागतं. बऱ्याच ठिकाणी एवढ्यावरच काम होतं.

२. तरी राहिलं तर लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये १:१ चा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका, किंवा ‘ग्राउंड लिफ्ट’चं (शील्डची जोडणी तोडणारं) बटण असलेला डीआय बॉक्स, म्हणजे लॅपटॉपचा सिग्नल मिक्सरला मानवेल असा करणारी छोटी पेटी. ट्रान्सफॉर्मरमधून आवाज चुंबकीय मार्गाने पलीकडे जातो, तांब्याच्या वायरीची जोडणी उरतच नाही. लॅमिंग्टन रोडवर दोन्ही मिळतात. अगदी स्वस्तातल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ढोल-ताशाचा खालचा आवाज दबतो, तेव्हा दुकानातच लावून ऐका.

३. घूं मिक्सर आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या मधलं असेल तर एक्सएलआरची (तीन पिनांच्या गोल जॅकची) बॅलन्स्ड केबल वापरा, म्हणजे सिग्नलच्या दोन वायरी आणि वेगळी शील्ड असलेली. पिन १ शील्ड, पिन २ गरम (सरळ सिग्नल), पिन ३ थंड (उलटा सिग्नल). एवढं करूनही थोडं उरलंच तर फक्त अ‍ॅम्प्लिफायरच्या टोकाला पिन १ ची शील्ड सोडवा, मिक्सरच्या टोकाला राहू द्या. अशा केबलला लाल टेप लावून ठेवा. चुकून ती माईकला लागली तर फँटम पॉवर (मिक्सर केबलमधूनच माईकला देतो ती वीज) पोचणार नाही आणि माईक बिघडलाय असं वाटून सगळे त्यालाच खोलत बसतील.

आता सॉकेटकडे. गिरगावातल्या जुन्या चाळींत सॉकेटला तिसरं भोक असतं, पण त्याच्यामागे वायर असतेच असं नाही. मल्टिमीटर एसीवर लावून मोजा. फेज-न्यूट्रल सुमारे २३० व्होल्ट, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत असायला हवं. फेज-अर्थ साठ-ऐंशी असं काहीतरी अधांतरी दाखवत असेल तर अर्थिंग नाही. आणि लोड चालू असताना न्यूट्रल-अर्थ अगदी ०.० दाखवत असेल तर खूश होऊ नका: कुणीतरी सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून ठेवलं असण्याची शक्यता आहे. तसं असेल आणि मागे न्यूट्रल तुटला, तर त्या बोर्डावरच्या प्रत्येक उपकरणाच्या बॉडीवर फेज येतो. परवानाधारक वायरमनला दाखवल्याशिवाय तो पॉइंट वापरू नका; आणि ज्याने पिन काढली, त्याला बोलावू नका.

मोबाइलवरून भजनाचा ट्रॅक लावला की तबला-पेटी ऐकू येते, पण गायकाचा आवाज पार लांब, विहिरीतून आल्यासारखा. हेडफोनवर सगळं ठीक आहे. मोबाइल बिघडलाय का?
— भजनी मंडळ, भांडुप

मोबाइल ठणठणीत आहे, चूक केबलची आहे. तुमच्याकडे एका टोकाला ईपी पिन (हेडफोनची ३.५ मिमीची) आणि दुसऱ्या टोकाला स्टिरिओ पी-३८ जॅक (६.३५ मिमीचा मोठा) किंवा एक्सएलआर असलेली सरळ केबल असणार.

मोबाइल त्या केबलच्या दोन वायरींवर डावा आणि उजवा असे दोन वेगळे आवाज पाठवतो. मिक्सरचं बॅलन्स्ड इनपुट मात्र दुसरी वायर पहिलीतून वजा करतं. बाहेरून शिरलेला गोंगाट दोन्ही वायरींवर सारखा असतो, तो वजाबाकीत जावा हाच बॅलन्स्ड जोडणीचा हेतू. रेकॉर्डिंगमध्ये गायकाचा आवाज मध्यभागी, म्हणजे डावीकडे आणि उजवीकडे अगदी सारखाच ठेवलेला असतो. मिक्सर त्याला गोंगाट समजून काढून टाकतो. उरते ती कडेला ठेवलेली वाद्यं आणि गायकाच्या आवाजाची घुमारी.

स्टिरिओ ईपी पिनमधून दोन मोनो पी-३८ निघणारी वाय केबल घ्या आणि ती मिक्सरच्या स्टिरिओ चॅनेलला किंवा दोन वेगळ्या चॅनेलना लावा. चॅनेल एकच मोकळा असेल तर डावी-उजवी वायर नुसती पिळून जोडू नका, मोबाइलचे दोन आउटपुट एकमेकांवर भांडतात. दोन्ही वायरींत प्रत्येकी १ किलोओहमचा रेझिस्टर घाला, त्यांची पुढची टोकं एकत्र करून मोनो जॅकच्या टोकाला सोल्डर करा. पाव वॉटचे रेझिस्टर जॅकच्या टोपणात आरामात मावतात.

मोबाइलचा आवाज ८०-९० टक्क्यांवर ठेवून मिक्सरचा गेन (येणारा सिग्नल किती वाढवायचा ते बटण) कमी ठेवा. उलट केलं, म्हणजे मोबाइल कमी आणि गेन जास्त, तर सुस्स असा आवाज वाढतो. फोन फ्लाइट मोडवर टाका. नाहीतर अभंगाच्या मध्ये रिंगटोन वाजेल, शिवाय टूजी नेटवर्कवर असेल तर ‘टिडिक-टिडिक’ही ऐकू येईल.

मंडपातली लायटिंग चालू केली की स्पीकरमधून ‘झर्र’ असा आवाज येतो. गिरगाव-दादरकडे म्हणतात तसं हे अर्थिंगमुळेच का?
— लालबाग

घूं आणि झर्र यांत फरक आहे. जाडसर, गुळगुळीत घूं असेल तर संशय ग्राउंड लूपवर. कोरडा, टोकदार झर्र असेल तर डिमर, चेसर (माळा आळीपाळीने लावून पळत्या दाखवणारं यंत्र) आणि स्वस्त एलईडी माळांचे पॉवर सप्लाय. ते विजेची लहर दर सेकंदाला शंभर वेळा किंवा त्याहून कितीतरी जलद तोडतात, आणि प्रत्येक तोडीला निघणारी ठिणगीसारखी खळबळ शेजारच्या माईकच्या वायरीत शिरते.

मंडपात बघा, माईकची केबल आणि माळांची वायर एकाच बांबूला, एकाच सुतळीने बांधलेली सापडेल. ती आधी सोडवा. समांतर जाताना निदान ३० सेंटिमीटर अंतर हवं, जास्त मिळालं तर उत्तम. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. उरलेली माईक केबल लायटिंगच्या डिमरवर गुंडाळी करून ठेवू नका. मोनो जॅकवाली अनबॅलन्स्ड केबल चार-पाच मीटरच्या पुढे नेऊ नका, लांबवर बॅलन्स्डच न्या. लाल टेपवाली सोडून प्रत्येक केबलची पिन १ दोन्ही टोकांना जोडलेली आहे का तेही मल्टिमीटरने तपासा. शील्ड एका बाजूला तुटलेली केबल आवाज व्यवस्थित देते, म्हणून वर्षानुवर्षं कुणाला कळत नाही. माळा एकेक बंद करत गेलात तर दोषी कोण ते पाच मिनिटांत सापडतं.

साउंड आणि लायटिंगचं सर्किट वेगळं ठेवा, आणि साउंडची सगळी उपकरणं एकाच फेजवर. दोन फेजमध्ये सुमारे ४०० व्होल्टचा फरक असतो. मिक्सर एका फेजवर आणि गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्यावर असताना काही बिघडलं तर मधल्या माणसाची खैर नाही. थ्री-फेजचा न्यूट्रल सैल असेल तर कमी लोड असलेल्या फेजवर व्होल्टेज तीनशेच्या वर जाऊ शकतं आणि एका झटक्यात अ‍ॅम्प्लिफायर, मिक्सर, चार्जर सगळं जळतं. न्यूट्रलचा स्क्रू सप्लाय देण्याआधी आवळून घ्या आणि न्यूट्रलमध्ये फ्यूज टाकू नका.

कनेक्शन रीतसर तात्पुरत्या मीटरचंच घ्या: शहरात बेस्ट, उपनगरांत त्या भागाची वीज कंपनी. मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) लागतोच. रोज आरतीआधी त्याचं टेस्ट बटण दाबा. ट्रिप झाला नाही तर तो फक्त शोभेचा आहे.

८ ओहमचे चार बॉक्स आहेत. अ‍ॅम्प्लिफायरचं एक चॅनेल बंद पडलं म्हणून चारही एकाच चॅनेलला लावले. दहा मिनिटांत प्रोटेक्टचा लाल दिवा लागतो. अ‍ॅम्प्लिफायरवर ‘किमान ४ ओहम’ लिहिलंय.
— परळ

चारही समांतर लावलेत ना? मग अ‍ॅम्प्लिफायरला २ ओहम दिसतात. दोन बॉक्सला ४, तीनला २.६७, चारला २. किमान ४ म्हणजे समांतर दोनच. लाल दिवा लागतोय ते नशीब. सगळ्याच अ‍ॅम्प्लिफायरना ही सोय नसते.

दुसरं चॅनेल दुरुस्त होईपर्यंत दोन-दोन बॉक्सच्या सिरीज जोड्या करा, म्हणजे प्रत्येक जोडी १६ ओहम, आणि त्या दोन जोड्या समांतर लावा. एकूण ८ ओहम होतात. चारही बॉक्स एकाच मॉडेलचे हवेत, नाहीतर वाटणी असमान होते. आवाज थोडा कमी मिळेल, अ‍ॅम्प्लिफायर वाचेल. लावण्याआधी मल्टिमीटरने मोजा. ८ ओहमचा बॉक्स ६ ते ७ दाखवतो, ते बरोबर आहे. आणि ब्रिज मोडचा, म्हणजे दोन्ही चॅनेल मिळून एकच करण्याचा, मोह नको. ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनेलला अर्धाच लोड दिसतो, म्हणून ४ ओहमच्या अ‍ॅम्प्लिफायरला ब्रिजवर किमान ८ लागतात. तुमचं तर एक चॅनेल बंदच आहे.

वायरही बघा. स्पीकरला माईकची शील्डवाली केबल कधी लावू नये. तांब्याची १.५ चौरस मिलिमीटरची वायर २० मीटर लांब नेली तर जाण्या-येण्याची मिळून ४० मीटर होते आणि तिचाच रोध ०.४७ ओहम भरतो. ४ ओहमच्या लोडला दहावा हिस्सा ताकद वायरीतच गरम होऊन जाते. ०.७५ च्या वायरीत जवळजवळ पाचवा हिस्सा. २.५ ची घ्या, लोहार चाळीत मीटरवर मिळते.

शाळांत, देवळांत असतात त्या कर्ण्यांचं गणित वेगळं. १०० व्होल्ट लाइनवर ओहम मोजत बसायचं नाही, प्रत्येक कर्ण्याच्या ट्रान्सफॉर्मरचे वॉट मिळवायचे आणि बेरीज अ‍ॅम्प्लिफायरच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवायची. १०० वॉटच्या अ‍ॅम्प्लिफायरवर २० वॉटचे चार कर्णे. ट्रान्सफॉर्मर नसलेलं १६ ओहमचं युनिट १०० व्होल्टच्या टर्मिनलला लावलं तर कॉइल क्षणात जाते. त्या लाइनला हात लागला तर शॉकही बसतो, म्हणून सांधे उघडे ठेवू नका.

मिक्सरला काहीही जोडलेलं नसताना मंद आवाजात रेडिओवरच्या बातम्या ऐकू येतात! सोसायटीत काहींना हा भुताटकीचा प्रकार वाटतो.
— मालवणी, मालाड

मालाडलाच आकाशवाणीचं मध्यम लहरींचं प्रक्षेपण केंद्र आहे, तेव्हा भूत कुठलं ते उघड आहे. लांब केबल अँटेनाचं काम करते. खारट हवेने गंजलेला एखादा सांधा किंवा सैल जॅक डायोडसारखा (करंट एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागासारखा) वागतो आणि त्या लहरीतून बोलणं वेगळं काढतो. रेडिओ तरी दुसरं काय करतो?

‘काहीही जोडलेलं नसताना’ असं लिहिलंत, पण मिक्सरच्या इनपुटला मोकळी लोंबकळणारी एखादी केबल आणि अ‍ॅम्प्लिफायरकडे गेलेली वायर असणारच. मोकळी केबल काढा. मिक्सरही काढून पाहा. तरीही बातम्या येत असतील तर स्पीकरची लांब वायरच लहर गोळा करून अ‍ॅम्प्लिफायरमध्ये उलटी आणते आहे. जॅक आणि सॉकेट कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा, हिरवट पडलेला जॅक सरळ बदला. मग फेराइटची क्लिप घ्या आणि केबल तिच्यातून पाच-सहा वेढे देऊन बसवा, अगदी उपकरणाच्या तोंडाशी. नुसती एकदा ओवलेली क्लिप मध्यम लहरींना फारसा अडथळा करत नाही.

तालमीत तिन्ही कॉर्डलेस माईक छान चालतात. प्रयोगाला हॉल भरला की आवाज तुटतो. बॅटरी नव्या असतात.
— हौशी नाट्यसंस्था, विलेपार्ले

माईकवर २.४ गिगाहर्ट्झ छापलं असेल तर उत्तर हॉलमध्येच बसलेलं आहे: प्रेक्षकांच्या खिशातले फोन. वाय-फाय आणि ब्लूटूथ तिथेच चालतात, आणि माणसाचं शरीर या लहरी शोषून घेतं. रिसीव्हर मागच्या कंट्रोल टेबलावर न ठेवता विंगेत, डोक्याच्या उंचीवर, माईक आणि त्याच्या मध्ये कुणी येणार नाही असा ठेवा. त्याच्यापासून मिक्सरपर्यंत एक्सएलआर केबल ओढा. लोखंडी रॅकमध्ये किंवा एलईडी पडद्यामागे ठेवू नका.

माईक यूएचएफ (काहीशे मेगाहर्ट्झवर चालणारे) असतील तर फ्रिक्वेन्सी बघा. तीन माईक सारख्या अंतरावर ठेवण्याची चूक सर्रास होते. उदाहरणापुरते ६००, ६०१ आणि ६०२ मेगाहर्ट्झ घ्या. पहिले दोन एकत्र चालू झाले की त्यांच्या मिश्रणातून आणखी लहरी तयार होतात, त्यांतली एक ६०१ ची दुप्पट वजा ६००, म्हणजे नेमकी ६०२. तिसरा माईक तिथेच मरतो. अंतरं असमान ठेवा, जसं ६००, ६०१ आणि ६०२.८. रिसीव्हरवर ‘ग्रुप’ असतील तर तिन्ही माईक एकाच ग्रुपमध्ये, वेगवेगळ्या चॅनेलवर ठेवा. कंपनीने हा हिशेब आधीच केलेला असतो. स्कॅन करायचं ते एलईडी पडदा, लायटिंग सगळं चालू करून, पण आपले माईक बंद ठेवून.

होम थिएटरला घूं येतं, मंडपासारखंच. घरात सगळं एकाच बोर्डावर आहे.
— बोरिवली

एकाच बोर्डावर नाही. केबल टीव्हीची वायर शेजारच्या इमारतीवरून येते आणि तिथलं अर्थिंग सोबत आणते. सेट-टॉप बॉक्समधून ती वायर काढा. घूं थांबलं तर चोर सापडला. केबलच्या वाटेत गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (सिग्नल जाऊ देऊन अर्थिंगची जोडणी तोडणारा) बसवा, किंवा टीव्हीपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत ऑप्टिकल केबल घ्या. तिच्यातून फक्त प्रकाश जातो. एचडीएमआयने हा प्रश्न सुटत नाही, तिच्यातही ग्राउंड असतंच.

चालू-बंद करताना स्पीकरमधून ‘धप्’ येतं. काही बिघडतं का?
— चेंबूर

ट्विटर, म्हणजे बारीक आवाजाचे छोटे स्पीकर, बिघडतात. चालू करताना मिक्सर आधी, मग इक्वलायझर-क्रॉसओव्हर, अ‍ॅम्प्लिफायर सगळ्यात शेवटी आणि त्याचा व्हॉल्यूम खाली. बंद करताना अ‍ॅम्प्लिफायर सगळ्यात आधी. दहा सेकंद थांबून बाकीचं. एका मेन बटणाने सगळं एकदम बंद करू नका. माईक काढण्या-घालण्याआधी त्या चॅनेलची ४८ व्होल्टची फँटम पॉवर बंद करून अर्धा मिनिट जाऊ द्या. काही मिक्सरवर फँटमचं बटण सगळ्या चॅनेलना मिळून एकच असतं. त्यावर मोबाइल कधी एक्सएलआरमधून जोडू नका, पी-३८ च्या लाइन इनपुटमध्येच जोडा.